पडेगावला दिलेली आत्या

"आता गोळ्या बंद. दोन महिने झाले, काही फरक नाय. उद्या गावी नेते हिला," रूपालीची आई बाकड्यावर टेकत म्हणाली.

रूपाली शेजारी भिंतीकडं बघत बसली होती. वय चोवीस. केस विंचरलेले नव्हते. वाळूजच्या कंपनीतलं काम सुटलं आणि बजाजनगरच्या खोलीत तिनं अंथरूण धरलं. जेवण कमी झालं, मग बोलणंही.

मानसोपचाराच्या ओपीडीत मी मदतनीस होते. केस पेपर लावायचे, नंबर पुकारायचे. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं जमायचं. डॉक्टर मॅडमच्या खोलीत मी कधी तोंड उघडलं नाही. पण ते बाकडं मला अजून आठवतं. मी मधे बोलत नसे, म्हणून बायका तिथं सगळं सांगायच्या.

"हिची आत्या पण वर्षभर अशीच पडून होती," आई म्हणाली. "आता पडेगावला सगळं घर चालवती."

"कशानं बरी झाली?" मी विचारलं.

"गोळ्यांनीच की. लई दिस घेतल्या."

पहिल्या दिवशी मॅडमनी हिस्ट्री घेतली, म्हणजे मागची माहिती विचारली, तेव्हा मी दारात होते. घरात कुणाला असा त्रास? तेव्हा हीच बाई 'नाय' म्हणाली होती.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तिला देऊन वीस वर्षं झाली बाई. ती तिकडची. आमच्या घरात कुठं?"

"मी सांगू का आत?"

"सांगा की. मी काय लपवलं?"

मी उठले. आत जाऊन एका दमात सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सुमनताई, हे मला पहिल्या दिवशी हवं होतं."

आईला बोलावून त्या म्हणाल्या, "आत्यांची जुनी फाइल आणा. त्यांना लागू पडलेली गोळी हिला पडेलच असं नाही. पण निवडायला आधार होतो."

आई बिथरली. "म्हणजे आमच्या रक्तात खोट हाय?"

"खोट नाही, कल असतो. तोही तुमचा दोष नाही. हिच्यासोबत कितीतरी पोरींचं काम गेलं, सगळ्या आजारी पडल्या नाहीत. आणि काम टिकलं असतं, तर कदाचित हीही पडली नसती. दोन्ही एकत्र आलं."

पुढच्या आठवड्यात आत्या स्वतःच फाइल घेऊन आली. भाचीजवळ बसली आणि म्हणाली, "मला पण तेव्हा वाटायचं, उठून करायचं काय." रूपालीनं पहिल्यांदा मान वळवली.

आई गावाला गेली नाही. गोळी बदलली, मॅडमशी दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. फरक सावकाश पडला. एकदा बाकड्यावर रूपालीच आईला दटावत होती, "हळू बोल ना गं, सगळे ऐकतेत." मला इतकं बरं वाटलं की मी तिचा नंबर पुकारायचा विसरले.

नंतर मॅडमनी मला एक काम वाढवून दिलं. बाकड्यावरच विचारायचं: आत्या, मावशी, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, एकेक करून. नुसतं 'घरात कुणाला' विचारलं, की दिलेल्या लेकी कुणी मोजत नाही.