बोळातली भांडी

आधी बोटाच्या पेराने टक्‌ टक्‌ वाजवायचे, मग कान लावायचे, आणि म्हणायचे, "ऐका वैनी, खणखणीत हाय. जीव हाय अजून."

तुम्हाला वाटेल, कलिंगड घेतायत. कलिंगड कुठलं, संडासाचं भांडं!

आष्ट्यात आमच्या शेजारीच मिस्त्रींचं घर. नळ, बेसिन, संडास बसवायचं त्यांचं काम. हल्ली ज्याला त्याला नवं बाथरूम पाहिजे, आणि जुनं सगळं ओढ्यात. मिस्त्री तेच हातगाड्यावर घालून आणायचे, घासूनपुसून त्यांच्या-आमच्या घरामधल्या बोळात रचायचे. मग कुणाच्या शेतातल्या खोलीला, कुणाच्या गोठ्याजवळ हात धुवायला फुकट बसवून द्यायचे. चांगलं आहे हो, पण तोवर बोळातून मी जायचं कसं? अंग चोरून, पदर सावरून!

"आवं मिस्त्री, ह्ये उचला की एकदाचं!"

"उचलून टाकू कुठं? ह्ये काय कुजतंय व्हय? वढ्यात टाकलं तर तुमच्या पणतूच्या पायात घुसंल."

म्हणजे गुन्हेगार मीच!

नातीला बघायला उंब्रजची मंडळी आली, त्या दिवशी तर कहर झाला. बोळात सात कमोड, पार दारापर्यंत. नवऱ्यामुलाचे मामा चहा पिता पिता म्हणाले, "दवाखाना काढताय काय हितं?" लग्न जमलं ते नशीब. मिस्त्रींशी मी महिनाभर बोलले नाही.

त्याच सुमाराला माझे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. संडासातला नळ धरून कशीतरी उठायची. सांगणार कुणाला? मुलाला? सुनेला? मेली लाज आडवी यायची. दुपारनंतर पाणी प्यायचंच बंद केलं मी.

नळ ढिला झाला. मिस्त्रींनी येऊन घट्ट केला. पंधरा दिवसांत परत हलायला लागला. मिस्त्रींनी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैनी, ह्यो नळ पाण्यानं ढिला झाल्याला न्हाई."

"तुमचं काम करा न्‌ जावा," मी फटकारलं.

चार दिवसांनी, मुलगा-सून कामावर गेल्यावर, स्वारी कमोड घेऊन दारात हजर!

"कुणाचं उष्टं भांडं मी न्हाई घ्यायची!"

"उष्टं? आवं, यष्टीत बसता तवा इचारता व्हय, ह्या शीटवर आदी कोन बसलं हुतं?"

हसू आलं, ते दाबलं. म्हटलं, "पर पोराला काय सांगू? कशापायी बसवलं म्हनू?"

मिस्त्री हातोडा घेऊन आत गेले. आमचं जुनं, खाली बसायचं भांडं टक्‌ टक्‌ वाजवलं. खणखणीत. आणि पाठोपाठ दणकन आवाज झाला.

"सांगा, भांडं फुटलं हुतं. दुसरं बसवाय लागलं."

साधं चिरलेलं बेसिन टाकू न देणारा हा माणूस, धडधाकट भांडं फोडून बसला! वर तुकडेही टाकले नाहीत. कडा घासून, खरखरीत बाजू वर करून कमोडपुढं सिमेंटात बसवले. माझा पाय घसरू नये म्हणून.

यंदा उन्हाळ्यात मिस्त्री गेले. त्यांच्या मुलानं ट्रॉली आणून बोळ रिकामा केला. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते ना? पण ट्रॉली ओढ्याकडे वळली तशी माझ्याच तोंडातून निघालं, "थांब रं! तिकडं नगं!"

आता ती सगळी भांडी माझ्या परसात आहेत. सून रोज म्हणते, "आत्या, ह्ये उचला की एकदाचं." परवा गोठ्याजवळ बसवायला एकजण बेसिन मागायला आला. मी पेराने टक्‌ टक्‌ केलं, कान लावला.

खणखणीत आहे की तडकलंय, मला मेलीला काय कळतंय? आणि आता विचारू तरी कुणाला?