काठोकाठ भरलेला कप

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते चौक गावातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांचं. आईबाबांनी मला शिकवलं. काकांनी दारूतून बाहेर काढलं, आणि एका माणसाचं डोकं फोडण्यापासून आजवर थांबवलं.

तो माणूस आमच्याच गावचा, पळसदरीचा, माझ्या वर्गातला. आम्ही बरोबर प्यायचो. माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी खालापूरच्या एसटी स्टँडमागे गटारात पडलो होतो. त्याने मला उचललं नाही. मोबाइल काढून व्हिडिओ केला, खाली लिहिलं, ‘आमच्या गावचा ग्रॅज्युएट’, आणि मुलीकडच्यांना पाठवला. साखरपुडा मोडला. बाबांनी माझा पदवी घेतानाचा फोटो बाहेरच्या खोलीतून काढून आत नेला.

काकांनी दारू कधीच सोडली होती. त्यांनी मला खालापूरला दर गुरुवारच्या मीटिंगला नेलं. शाळेच्या एका वर्गात संध्याकाळी दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे जमतात. तिथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते, “मला त्याचा सूड घ्यायचाय,” एवढंच म्हणायला.

“वा! ह्याला प्यायला कारन गावलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

काका म्हणाले, “घे की रं सूड. पन आज नको. आज मीटिंग हाय.”

सगळे हसले. दर वेळी मी तेच म्हणायचो आणि काकांचं उत्तर तेच असायचं.

त्याच्या भल्यासाठी प्रार्थना कर, असंही ते सांगायचे. विहारात वंदनेच्या शेवटी सगळ्यांचं मंगल मागतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला वगळायचो. काकांना तसं सांगितलं.

“वगळतोस म्हंजे रोज त्याची आठवन काढतोस. चाललंय बरोबर,” ते म्हणाले.

पुढे काका मुलीकडे साताऱ्याला राहायला गेले. त्यानंतर एका गुरुवारी वर्गाच्या दारात तो व्हिडिओवाला उभा. गालफडं बसलेली, डोळे पिवळे.

आमच्याकडे नव्या माणसाला काही विचारत नाहीत. आधी चहा देतात, तोही अर्धा कप, कारण हात थरथरत असतात. त्या दिवशी चहाची पाळी माझी होती. मी त्याचा कप काठोकाठ भरला.

मी काय करतोय ते वर्गातल्या प्रत्येकाला कळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं.

“अर्धा वत रं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “सांडंल.”

त्याची फजिती बघायला मी इतकी वर्षं टपलो होतो, आणि त्याने ती आपणहून सांगून टाकली. मी अर्धा चहा किटलीत परत ओतला. दुसऱ्या गुरुवारनंतर काकांना पत्र लिहिलं:

‘काका, जय भीम. राग फोनवर सांगायचा नाही, कागदावर लिहायचा, हा तुमचाच नियम, म्हणून हे पत्र.

तो मीटिंगला आला. मी मुद्दाम त्याचा कप भरून दिला. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, ते कळवू नका. मी त्याला माफ केलेलं नाही.

पण काका, त्याला तो व्हिडिओ आठवतच नाही. मी विचारलं तर म्हणाला, “कंचा व्हिडिओ?” खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी तोही प्यायलेला होता. ज्याच्या लक्षात काहीच नाही त्याचा सूड कसा घेऊ? त्याची पुरती उतरली पाहिजे. मग समोर बसवून मी सगळं सांगणार आहे, एक शब्द गाळणार नाही. तोवर त्याने प्यायचं नाही आणि मरायचं तर मुळीच नाही.

काल मीटिंगच्या वेळेला तो आला नाही. मी गाडी काढून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, “सकाळपासून घेतली नाय, पन यायला लाजतोय.” मी त्याला म्हणालो, “गाडीवर बसून लाज.” आणलाच. मीटिंग संपेपर्यंत मी त्याच्या शेजारी बसलो, दाराच्या बाजूला, मधेच उठून पळू नये म्हणून.’