थांबाभाऊ आणि जुन्या मशीनचा नवा गॅस

थांबाभाऊंचं पहिलं काम म्हणजे काम सुरू न करणं. एसी दुरुस्तीला बोलावलं की ते येत, मशीनसमोर स्टूल टाकून बसत, बाहेरच्या डब्याला कान लावत आणि आपण काही विचारलं की तळहात वर करून म्हणत, "थांबा." खरं नाव आधार कार्डावर असेल, पुलगावात ते कुणी वापरलं नाही.

पुलगावात माझं छोटं प्रसूतिगृह आहे. बाळंतिणींच्या खोलीत सासऱ्यांच्या काळातलं मशीन होतं, उन्हाळ्यात थंड आणि डिसेंबरात उलटं चालून गरम हवा देणारं. एका मार्चमध्ये त्याचा गॅस गळाला. जुना गॅस मिळेनासा झालेला. मिळालाच तर खरा असेल याची खात्री नाही. तेव्हा नवा भरावा आणि मोकळं व्हावं, इतका साधा माझा विचार होता.

थांबाभाऊंनी त्याचा भुगा केला. म्हणाले, नवे गॅस दोन जातींचे. एक पेट घेतो, हे मशीन त्याच्यासाठी बनलेलं नाही, आणि खोलीत तुमचं ऑक्सिजनचं सिलिंडर. दुसरा चालेल, पण त्याला जुनं तेल मानवत नाही. ते काढायचं, नवं घालायचं, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब दिवसभर टिकतो का पाहायचं, मग गॅस. तीन दिवस लागतील. मी म्हटलं, वर्ध्याचा एक जण दुपारपर्यंत करून देतो म्हणतोय. त्यांनी वाद घातला नाही. जेवणाचा डबा उघडला आणि जेवायला बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी तेल काढलं आणि लघवीचा नमुना दाखवावा तशी बाटली उजेडात धरून मला दाखवली. दुसरा दिवस दाबाच्या काट्यासमोर गेला. काटा हलू नये म्हणून त्याच्याकडे टक लावून बसणारा कारागीर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. व्हरांड्यात बसलेल्या एका सासूबाईंनी विचारलं, हे कोणाकडचे? आमच्या सिस्टरनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "काट्याचे नातेवाईक." संध्याकाळी काटा किंचित खाली आला. साबणाचा फेस लावून त्यांनी एका जोडातली गळती शोधली आणि अत्यंत समाधानानं जाहीर केलं की आता चार दिवस लागतील.

पाचव्या दिवशी मशीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवलेला होता: 'गॅस बदलला हाये. इचारल्याबिगर भरू नये. पह्यल्यापेक्षा जरा कमी थंड करन.' शेवटची ओळ खोडा, असं मी सांगितलं. पेशंट वाचतात, बरं दिसत नाही.

"खोटं लिवू का मंग?" त्यांनी विचारलं. ओळ राहिली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर थांबाभाऊंची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी अल्लीपूरहून माहेरी आली. त्यांचं घर माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. तरी ते तिला ऑटोत घालून माझ्या दारावरून वर्ध्याला घेऊन गेले. मला ते लागलं. थंडीत मशीन तपासायला आले तेव्हा मी विचारलंच. ते झाकणाचे स्क्रू पिळत होते, पिळतच राहिले.

"मॅडम, तुमी थांबत नाई," ते म्हणाले. "बाईले जरा वेळ लागला का तुमी कापता. गाव म्हन्ते."

तुम्ही तुमचा गॅस सांभाळा, असं मी त्यांना ऐकवलं. महिनाभर सिस्टरांसमोर त्यांच्या चालीची, त्यांच्या बोलण्याची नक्कल केली, त्या हसल्या. त्या नेमक्या कशाला हसत होत्या, हे मी विचारलं नाही. मग एका दुपारी, त्यांना खोटं पाडायचं म्हणून, मागच्या दोन वर्षांचं बाळंतपणाचं रजिस्टर काढलं. बऱ्याच शस्त्रक्रिया खरंच जीव वाचवणाऱ्या होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण काही नावांपुढे कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात वैद्यकीय कारण लिहिलेलं होतं आणि मला मात्र आठवत होतं ते वेगळंच. नागपूरचं लग्न. संध्याकाळची ओपीडी. एकदा तर नुसता कंटाळा. सात पानं वाचून मी रजिस्टर मिटलं.

थांबाभाऊंना यातलं काही सांगितलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्याकडे नव्हता. फक्त मी कळा सुरू झालेल्या बाईपाशी जाऊन बसायला लागले. पहिले काही महिने ते जमत नव्हतं, सारखं घड्याळ पाहिलं जायचं. थांबाभाऊ दर हंगामाला येत, काम करत, चहा पीत आणि जात. दोघांपैकी कुणीच तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन वर्षांनी, मेच्या उन्हात, एका गच्चीवर काम करतानाच ते गेले. मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्याबद्दल काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मशीन चांगलं चाललंय एवढंच सांगितलं.

पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी ओपीडीत आली. दुसऱ्यांदा दिवस गेले होते, चौथा महिना. केसपेपर लिहिताना मी विचारलं, वर्ध्याला का नाही गेलीस?

"बाबानंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वक्ताले मॅडमकडं गेलं तं चालते म्हने."

मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. हवा सोडताना आकडा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा नीट वाचता आला.