नोंदवहीत नसलेली साडी

लाच घेतली ती घेतलीच, वर तीच नेसून मी दुसरीच्या चौकशीला बसले. एवढा मूर्खपणा करायला पन्नाशी गाठावी लागते; विशीत तो जमत नाही.

मी तेव्हा कोथरूडच्या एका शाळेत कार्यालय अधीक्षक होते. ठेकेदाराकडून पेन मिळालं तरी लिहायचं, अशी एक नोंदवही मीच सुरू केली होती. पहिल्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात सूचना होती, ‘कोणतीही भेट क्षुल्लक समजू नये.’ शिपायाला दिवाळीत मिळालेला उदबत्तीचा पुडासुद्धा मी लिहायला लावला होता. बाई भारी कडक, असं लोक म्हणत. मला ते फार आवडायचं.

संक्रांतीनंतर शाळेच्या बसच्या ठेकेदाराच्या बायकोनं आम्हा सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकचा डबा. मला मात्र आतल्या खोलीत नेलं. कुणीतरी तांदूळ-नारळाचं ताट धरून उभं होतं, आणि माझ्या ओटीत जरीकाठाची मोरपिशी साडी आली.

"नाही म्हणायचं नाही हं. ओटी आहे."

मी कशाला नाही म्हणतेय! ओटी म्हणजे काय भेट असते? घरी पोचेपर्यंत माझी खात्रीच पटली होती.

पुढच्या महिन्यात बसची तपासणी मी बसमध्ये पाय न ठेवता केली. कागद आला, सही केली. त्याच बसमधून मुलांबरोबर जाणाऱ्या मावशी मात्र सारख्या माझ्या टेबलापाशी यायच्या.

"बाई, मागचं दार उघडत नाही. अडचणीच्या वेळचं दार हाय ते."

"बघते."

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी ठेकेदाराला बोलावलं. तो हसला. "मॅडम, त्या बाईला आमच्याकडून काहीतरी उकळायचंय. आमच्या घरून डबा घेऊन गेलीय, विचारा तिला."

नोंदवही उघडली. मावशींचा डबा त्यात नव्हता. बाकीच्या बायकांचेही नव्हते. पण त्यांनी दाराची तक्रार केली नव्हती.

चौकशीला मुख्याध्यापक, एक विश्वस्त आणि मी. त्या दिवशी शाळेत पाहुणे येणार होते, म्हणून मी मोरपिशी नेसले होते.

"डबा घेतलात?"

"घेतला."

"नोंदवहीत लिहिलात?"

"मला लिहिता येत नाही, बाई."

"मग कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. नियम सगळ्यांना सारखा."

त्या माझ्या काठाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, शरमेनं मान खाली गेली. मी निऱ्या सारख्या केल्या. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. मला हे माहीत होतं, त्यांचे रजेचे अर्ज मीच तर लिहून द्यायचे. तरी कामावरून काढण्याचं पत्रही मीच लिहिलं, आणि त्यातल्या ‘सचोटी’ या शब्दावर खूश होऊन ते दोनदा वाचलं.

हल्ली आयटीतली नात मला शिकवते, "आजी, गिफ्ट आलं ना, की सरळ मॅनेजरला मेल टाकायचा."

"अगं, मॅनेजर मीच होते."

मला तेव्हा सुचलं नव्हतं की वही सांभाळणारीची भेट दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवी. आणि ज्याच्याकडून साडी घेतली त्याच्या कागदावर सही तरी करू नये. बसचं ते दार वर्षभरानं उघडलं, ठेकेदार बदलल्यावर. तोवर कुणा मुलाला काही झालं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

चौकशीच्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशी पत्र घेऊन फाटकापाशी थांबल्या होत्या. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या,

"ताट मीच धरलं होतं बाई, साडी ओळखली मी. आत बोलणार होते, पण ओटीचं असं चार माणसांत काढू नये, म्हणून गप बसले. आता तेवढं दाराचं बघा."