रुपयात पाच आणे चरबी

लग्नाला दुसरे वर्ष होते. उन्हाळ्यात मला मुदतीचा ताप आला आणि त्याने माझी हाडे तेवढी मागे ठेवली. ताप उतरल्यावर बायकोने खाऊ घालायला घेतले. उकड्या तांदळाची पेज, वर ओले खोबरे, वर तूप. पावसाळ्यासाठी होड्या वर काढलेल्या, त्यामुळे काम नव्हते. पडल्या पडल्या खायचो. दीड महिन्यात मी गुबगुबीत झालो. ती खूश, शेजारी खूश. मीही खूश, कारण अक्कल नव्हती.

मग आमचा तांडेल बघायला आला. होडी त्याची; कोण कुठल्या वल्ह्यावर बसणार ते तोच ठरवायचा. तारली मासळीचे पोट दाबून बघावे तसे त्याने माझे पोट दोन बोटांत धरले.

"रुपयात पाच आणे चरबी," तो म्हणाला. "माका वल्हवणारो होयो, भाताचा पोता नको. नारळी पुनवेक परत बघतंय. नाय जमला तर तुझ्या वल्ह्यार दुसरो बसतलो."

तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. मी दोनच इयत्ता शिकलेला, पण सोळात पाच कळले. जवळजवळ तिसरा हिस्सा मी नुसते लोणी होतो. आणि वल्हे गेले तर पोटाला दुसरे साधन नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तूप बंद. कुळथाची पिठी, सुका बांगडा, कोंबडीची अंडी. सकाळी बैठका, मग होडीचा लोखंडी नांगर छातीपर्यंत उचलायचा. जाळ्यासाठी आणलेल्या कोऱ्या सुताचे बायकोने दोन तुकडे कापले. एक माझ्या दंडाएवढा, एक पोटाएवढा. दंडाला सूत अपुरे पडले पाहिजे आणि पोटाला सैल झाले पाहिजे, असा आमचा हिशोब.

ते सकाळचे मोजणे आता स्वप्नात पाहिल्यासारखे वाटते. पडवीत पागोळ्यांचा पडदा, कौलांतून पाझरणारा चुलीचा धूर, आणि तिची राखेने भांडी घासून गार पडलेली बोटे. ती सूत घेऊन माझ्याभोवती फिरायची. मी म्हटले, "वडाक फिरतंस तशी फिरतंस गो." ती म्हणाली, "वड येवढा खाणा नाय."

पंधरा दिवसांनी दंडाचे सूत बोटभर अपुरे पडले. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "अवो, दंड भरलो!"

"आणि पोट?"

तिने पोटाला सूत लावले. तेही पुरेना. चार बोटे कमी.

मी पिठी अर्धी केली. नांगर दुप्पट वेळा उचलला. आठ दिवसांनी बघतो तर पोटाचे सूत आणखी आखूड. मी तिच्यावर ओरडलो, "तूप घालतंस मां गो पिठीत?"

ती रडकुंडीला आली. "देवाशपथ नाय. तुमचो घाम लागता म्हणान मियां ता सूत रोज धुतंय, चुलीर सुकवतंय, तुमी माका चोर म्हणतास?"

मी सूत तिच्या हातातून घेऊन ताणून बघितले. जन्म जाळी विणण्यात गेलेला माणूस मी. कोरे सूत पाण्याने आटते, म्हणून आपण जाळे आधी ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळतो, हे पोराटोरांना माहीत. आणि त्याच कोऱ्या सुताने मी स्वतःला मोजत बसलो होतो. म्हणजे पोट वाढलेले नव्हते. पण दंडही भरलेला नव्हता, किंवा भरला असेल तर किती, देव जाणे. आणि पुनव चार दिवसांवर.

पुनवेच्या सकाळी तांडेलाने मला खाडीत छातीभर पाण्यात उभे केले; बायको काठावर. "चरबी तरंगता, मास बुडता," तो म्हणाला. "पाय उचल नि सगळो श्वास सोड."

मी सोडला. बुडबुडे गेले आणि मी हळूहळू खाली गेलो. पाणी हिरवे, मग चहासारखे. पाठीला गाळ लागला, मऊ, आईच्या गोधडीसारखा. वरून कोणी तरी ओरडत होते, फार लांबून, जणू दुसऱ्या गावातून.

वर आलो तर बायको लुगड्यासकट कमरेभर पाण्यात. "अवो बुडले! धरा कोण तरी!"

तांडेल पोट धरून हसत होता. "गो, बुडलो म्हणानच जमला त्याचा! रुपयात दोन आणे. बस रे वल्ह्यार."

तिला ते शेवटपर्यंत पटले नाही. बुडण्यात कसले आले बरे, म्हणायची.

गेल्या वर्षी ती गेली. आजारपणात शेवटी तिच्या दंडाला माझी दोन बोटे पुरून उरायची. सूत लागले नाही.

मी अजून खाडीत उतरतो. म्हातारपणी मांस गेले, पोट राहिले. सगळा श्वास सोडला तरी तरंगतो, सुक्या नारळासारखा. काठाकडे बघतो. आता बुडायची भीती नाही, आणि ओरडायलाही कोणी नाही.