सासवांसाठी मासिक

तिन्ही अंक बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि मी आत जाऊन पडद्यामागे बसले. बाहेर काय चाललंय ते समोरच्या आरशात दिसत होतं.

बाक तेलगावातल्या एका ब्यूटी पार्लरमधला. पार्लर माझ्या मामेबहिणीचं, सुनीताचं. मी केजला कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे वाचायचं काहीही असलं की घरातले मलाच विचारतात.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "ताई, एक मासिक लावायचंय वर्षभराचं. सिनेमा, साड्या, रेसिपी, तसलं. पोरींसाठी न्हाई... सासवांसाठी."

तिचं म्हणणं खरं होतं. गावातली सून पार्लरला एकटी येत नाही. सासू सोबत येते, बाकावर बसते आणि थोड्याच वेळात विचारायला लागते, "झालं का गं?" एक नवी नवरी तर अर्ध्या फेशियलवरून उठून गेली. पुन्हा आलीच नाही...

गाळा सुनीताच्या दिराचा. त्याचं पलीकडे बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. लग्नसराई संपेपर्यंत बघू, असं तो म्हणाला होता. चाललं तर ठीक, नाहीतर एक मोबाईल रिपेअरिंगवाला गाळ्यासाठी मागे लागलाच आहे.

लग्नसराई निम्मी सरली होती, आणि ही वर्षभराचं मासिक लावायला निघाली होती. सहा महिन्यांचं लावू या का, असं मी विचारून पाहिलं. "वर्षाचंच," ती म्हणाली.

केजच्या स्टँडवरून मी तीन नमुने घेतले. एक गुळगुळीत कागदाचं, सगळं सिनेमाचं. एक माझ्या आवडीचं, चांगल्या कथांचं. तिसऱ्यात मालिकांच्या बातम्या, लोणची, ब्लाउजचे गळे, घरगुती उपाय... सगळं एकत्र.

सुनीताने निवडीची पद्धत ठरवली. आठवडाभर तिन्ही बाकावर ठेवायचे. जो अंक जास्त मळेल, तो लावायचा.

आठवडा लागला नाही.

त्याच दुपारी जयश्री आली. सोबत तिची सासू, मथुराकाकू. जयश्री आत खुर्चीत बसली, चेहऱ्यावर लेप लागला. काकू बाहेर बाकावर.

काकूंनी पहिला अंक उचलला, मुखपृष्ठावरची हिरॉईन पाहिली आणि पालथा ठेवला. माझ्या आवडीच्या अंकावर त्यांनी भाजीची पिशवी ठेवली. तिसरा उघडला... आणि मग बराच वेळ बाहेरून काहीच आवाज आला नाही.

"सुनीता, ही टाच बघ."

सुनीता हातातला ब्रश घेऊनच बाहेर गेली. पानावर दोन टाचांचे फोटो होते. एक भेगाळलेली, एक गुळगुळीत.

"एकाच बाईची हाय म्हनं. आधीची अन् नंतरची," काकू म्हणाल्या. "खोटं हाय. आशी टाच लेकराची आसती."

"खोटं न्हाई, काकू. मी करते की हे. भित्तीवर लिवलंय बघा, पेडिक्युअर."

काकूंनी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे पाहिलं. "ते व्हय? मी म्हनलं कापसावर मारायचं औषध हाय."

"पार्लरात औषध कावून ठिवीन मी?"

"गाळा तुज्या दिराचा न्हवं? म्हनलं, त्याच्या दुकानातला उरलेला माल हितं इकत आसशील."

आत जयश्रीला हसू आवरेना. "आत्याबाई, हसवू नका. लेप तडकायलाय."

"तडकू दे. माज्या टाचा तडकल्या तवा कोन आलतं बघायला?"

काकूंनी चपलेतून पाय काढून तो मासिकातल्या फोटोशेजारी धरला.

"दुखतं का?"

"न्हाई. कोमट पाण्यात पाय सोडायचे अन् बसायचं."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

काकूंनी लुगडं जरा वर खोचलं.

जयश्रीचं फेशियल त्या दिवशी पूर्ण झालं. ती बाहेर आली तेव्हा काकूंचे पाय टबात होते, म्हणून या वेळी बाकावर सून बसली. बसता बसता तिने आवाज दिला, "झालं का, आत्याबाई?"

"गप बस. आजून दुसरा पाय हाय."

त्या गेल्यावर सुनीताने मार्कर घेतला. दरपत्रकावरचा 'पेडिक्युअर' खोडला आणि तिथे 'टाचेच्या भेगा' असं लिहिलं. तो शब्द पार्लर उघडल्या दिवसापासून भिंतीवर होता, आणि एकाही बाईने त्याचं नाव काढलं नव्हतं.

मग तिने माझ्याच फोनवरून तिसऱ्या मासिकाची वर्गणी भरली. सहा महिने की एक वर्ष, असं तिथे विचारलं होतं. तिने वर्षावर बोट ठेवलं आणि पत्ता गाळ्याचा दिला.

त्या मासिकात टाचेचं पान कोणी लिहिलं ते मला माहीत नाही. बहुतेक घाईत, जागा भरायला लिहिलं असेल. ते तेलगावात येऊन काय करून गेलं हे त्या माणसाला कळायचं कसं... म्हणून इथे लिहून ठेवते. आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताचा दीर मोबाईलवाल्याला गाळा दाखवायला घेऊन आला. दारात बायकांच्या चार-पाच जोड चपला होत्या, आणि आत मथुराकाकूंची जाऊ टबात पाय सोडून बसली होती. दोघांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि गाळा न बघताच परत गेले.