हजेरीच्या कागदावरच्या सह्या

शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मला दिल्लीच्या एका समितीवर घेतलं. देशात शिक्षणातलं कोणतं संशोधन आधी व्हावं, याची प्राधान्ययादी आम्ही ठरवायची होती. अध्यक्ष माझा वसतिगृहातला मित्र, वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेला. फोनवर म्हणाला, "तुझ्या मराठवाड्यातल्या शिक्षकांना विचार. यादी खालून वर आली पाहिजे." मला भरून आलं.

फुलंब्री आणि कन्नडचे शिक्षक मी शहरात बोलावले. बहुतेक जण चाचरत बोलले. घाटाकडच्या शाळेतल्या एक बाई मात्र सरळ उभ्या राहिल्या.

"सर, दिवाळी झाली की माझी अर्धी शाळा आईबापासंगं ऊसतोडीला जाती. उन्हाळ्याच्या तोंडाला लेकरं परत येतात, तर वाचणारं लेकरू अक्षर विसरलेलं असतं. त्याला कुठून शिकवायला घ्यायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाय. ते शोधा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, सर दिल्लीला चाललेत, कारखान्यावर नाय."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण बसल्या नाहीत. "लिहून घेतलं का सर?"

"पहिल्या नंबरवर. शब्द देतो. माणसं येतील तुमच्याकडं."

शाळेत गैरहजेरी लागू नये म्हणून जाताना सगळ्यांनी हजेरीच्या कागदावर सह्या केल्या. शाळांना त्याची प्रत देऊन तो कागद मी टिपणांबरोबर दिल्लीला पाठवला.

दिल्लीत पहिल्याच बैठकीला टेबलावर अहवाल छापून तयार होता. यादीत बाईंचा प्रश्न कुठंच नव्हता. शेवटच्या पानावर 'शिक्षकांच्या सहमतीने' असं छापलेलं आणि खाली आमच्या हजेरीच्या कागदाची झेरॉक्स.

मित्रानं चहाच्या वेळी बाजूला घेतलं. "यादी आधीच ठरली होती रे."

"मग मला कशाला राबवलंस?"

"सह्या लागत होत्या. आता तुझी तेवढी कर."

मी केली. समितीवर आहे म्हणून गावभर सांगून बसलो होतो. राजीनामा देऊन परत जायची लाज वाटली. पुढं भेटेल त्याला सांगत राहिलो की मित्रानं मला फसवलं. ते खोटं नाही. पण पेन माझ्या हातात होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. बाईंचा फोन आला तेव्हा म्हणालो, "विचाराधीन आहे."

गेल्या महिन्यात एसटीनं कन्नडला गेलो, तिथून जीपनं त्यांच्या शाळेत. अहवाल पुढं ठेवून सगळं सांगितलं. बाईंनी शेवटचं पान उघडून आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. ऊसतोडीहून परतलेलं प्रत्येक लेकरू, ते काय विसरलं, कशानं त्याला परत आठवलं, सगळं तारीखवार.

"माणसं येतील म्हणाला होता ना? आपली तयारी असावी म्हणून लिहीत गेले."

"बाई, या वह्या मला द्या. मी कुणाला तरी दाखवतो."

"नाय सर. एकदा कागद दिला तुमच्याकडं." त्यांनी वह्या परत कपाटात ठेवल्या.

"मग मी काय करू?"

"त्या सह्या कसल्या होत्या, तेवढं लिहा."

म्हणून लिहितो. आम्ही कोणत्याही यादीला सहमती मागितली नव्हती, शिक्षकांनी दिली नव्हती. त्या सह्या हजेरीच्या होत्या. सहमतीची सही एकच होती, ती माझी.